उजव्या हाताची तालीम

आमच्या नृत्यसंस्थेत मी हजेरी घेतो. त्याआधी एका गोदामात आवक-जावक लिहायचो. तिथे खोकी होती, इथे माणसं आहेत. खोकं आलं की आलं. माणूस मात्र समोर उभा असूनही आलेला नसतो, आणि त्यासाठी मस्टरमध्ये रकाना नाही. तेवढं मी डोक्यात ठेवतो. मुली मला हजेरीकाका म्हणतात. हे नाव मायेनं पडलंय की खोचकपणानं, याचा निकाल अजून लागलेला नाही.

संस्था बाईंची. एका बंद छापखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची तालीम चालते. फरशीवर शाईचे डाग अजून आहेत आणि पावसाळी हवेत वासही येतो. बाई नाच बसवतात, पण लग्नघरी शोभेल असा त्यातला एकही नाही. एक पाडलेल्या वस्तीवर होता. एक बेपत्ता माणसांच्या फोटोंवर. त्याला पोलीस दोनदा येऊन पहिल्या रांगेत बसले. दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यातल्या एकाने बायकोलाही आणलं होतं, त्यामुळे नेमकी कारवाई होती की करमणूक, हे कळलं नाही.

नवा नाच बाटल्यांच्या कारखान्यावरचा. त्या कारखान्यात तपासणी विभाग म्हणून एक लांब खोली होती. पांढऱ्या झगझगीत फळीसमोर बायका ओळीने स्टुलावर बसायच्या, प्रत्येक बाटली उजेडासमोर फिरवून तडा शोधायच्या. दिवसाला किती हजार, तो आकडा बाईंनी मला सांगितला होता. मी आकड्यांचा माणूस, तरी तो मी लिहून ठेवला नाही. वीस-बावीस वर्षांनी त्या बायकांचे डोळे जायला लागले. मालकांचं म्हणणं, वय झालं की डोळे जातातच. बायका तेव्हा चाळिशीच्या होत्या. खटला उभा राहिला तो अजून उभाच आहे; बसायला त्याला कोणी सांगितलेलं नाही.

त्या बायकांत बाईंची थोरली बहीण होती. या नाचाच्या मुळाशी ती, आणि बाईंच्या जिवाला लागलेला घोरही तीच. आई लवकर गेली, तेव्हा ताई अठराची आणि बाई नऊ वर्षांच्या. ताई कारखान्यातून यायची, गार पाण्याने डोळे धुवायची, आणि पलंग आणि टेबल यांच्यामधल्या हातभर जागेत धाकटी जे काय नाचायची ते टक लावून बघायची. हे बाईंनी मला एकदाच सांगितलं, तेही पडदे मोजता मोजता. म्हणाल्या, "नंतर हजारो लोकांनी बघितलं, हजेरीकाका. पण डोळे धुऊन बघायला कोणी बसलं नाही."

बाई नाच शिकायला दूर गेल्या, नावारूपाला आल्या, ताई तिथेच राहिली. बोलणं तुटलं नव्हतं. फोन व्हायचे. पण ताईने बाईंचा एकही प्रयोग बघितला नव्हता. माझ्यासमोर चौदा आमंत्रणं गेली आणि चौदा कारणं आली: गुडघा, बस, पाहुणे, नळाला पाणी, शेजारणीचं बाळंतपण. एकही कारण दोनदा वापरलेलं नाही. असा नेटका हिशोब मला आवडतो, पण बाईंचा चेहरा बघून तसं बोलायची सोय नव्हती. त्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं, आहे ती नजर किती दिवसांची, सांगता येत नाही. तेव्हा बाईंना एवढंच हवं होतं: ताईच्या डोळ्यांत थोडं काही शिल्लक आहे तोवर तिने एकदा यावं आणि बघावं. कपाटभर बक्षिसं आहेत संस्थेत. ती पुसायचं कामही माझ्याकडे, म्हणून सांगतो, बाई त्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत.

प्रयोगाला नऊ दिवस उरले असताना ताईचाच फोन आला. मी उचलला.

"तुम्ही हजेरीवाले का? धाकटीला सांगा, उद्या दहाच्या बसने येतेय. बघायला नाही. तपासायला."

झालं होतं असं, की खटल्यातल्या, ताई सोडून, अकरा बायकांना पहिल्या प्रयोगाचं बोलावणं गेलं होतं, आणि त्यांनी आपसात ठरवलं होतं की आधी आपल्यातल्या एकीने जाऊन खात्री करावी. नाचात काही भलतंसलतं निघालं तर समोरचा वकील कोर्टात तेच काढायचा. ताईने हो म्हटलं तर अकरा येणार, नाही म्हटलं तर एकही नाही. आणि बाईंनी मला परस्पर सांगून टाकलं होतं, "त्या आल्या नाहीत तर पडदा उघडायचा नाही."

दुसऱ्या दिवशी बाईंनी झाडलेली फरशी पुन्हा झाडली. खुर्ची एक होती, तिच्या जागा तीन झाल्या. शेवटी अगदी मधोमध, जिथून सगळं नीट दिसतं, तिथे ती स्थिरावली. बावन्न वर्षांची बाई, जिच्या नुसत्या खाकरण्याने आठ मुली सरळ उभ्या राहतात, ती जिन्यात तीनदा डोकावून आली.

ताई आली ती काठीशिवाय, कठड्याला धरून, पायऱ्या मोजत. वर पोचल्यावर पहिलं वाक्य, "एकोणीस. सोळाव्या पायरीपाशी कठड्याचा स्क्रू सुटलाय." गेली सहा वर्षं मी त्या कठड्याला धरून चढतोय. मी मान खाली घातली.

"ये ताई, बस," बाई म्हणाल्या.

"बसते. तू चालू कर, बारके."

बारके! मुलींनी एकमेकींकडे बघितलं. लांबडीने, म्हणजे आमच्या सगळ्यात उंच मुलीने, ओठ आत ओढून हसू दाबलं. मी डोक्यातल्या रकान्यात नोंद केली.

नाच सुरू झाला. समोर दिव्यांची पांढरी फळी, नऊ स्टुलं, आठ मुली, नववं स्टूल रिकामं. बाटल्या नाहीतच, नुसते हात. काचेची किणकिण मागून वाजते. हात बाजूला जातो, बोटांत दोन बाटल्यांच्या माना धरल्यासारखं करून वर येतो, उजेडासमोर मनगट वळतं, माल पुढे सरकतो. आठ मनगटं एकाच वेळी वळतात. मी ताईकडे बघितलं, तर ती खिडकीकडे तोंड करून बसलेली.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. ताईचं तोंड खिडकीकडे. बाई आधी सूचना देत होत्या, मग त्यांचं बोलणं थांबलं, मग त्यांनी हात वर करून आवाज बंद करायला लावला.

"ताई, बघायचं नव्हतं तर कशाला आलीस?"

"बघतेय की."

"खिडकीकडे?"

"अगं, समोर बघितलं की मधोमध भोक पडतं. तू नेमकी त्या भोकात जातेस. तोंड वळवलं की कडेकडेने थोडं गावतं." ताईच्या बोलण्यात कुरकूर नव्हती, बसचं वेळापत्रक सांगावं तसा सूर. "डॉक्टरला समजावून झालं, वकिलाला झालं. तू राहिली होतीस."

बाईंच्या कपाटात या खटल्याच्या चार जाड फायली आहेत. त्यात डॉक्टरांचा दाखलाही आहे, त्यात हे सगळं लिहिलेलंही आहे, आणि बाईंनी खाली लाल रेघही मारली आहे. ती रेघ मी बघितलीय. पण नाचात त्यांनी आठही मुलींना समोर रोखून बघायला लावलं होतं, कारण आंधळं बघणं म्हटलं की तसंच दाखवायची रीत पडली आहे.

ताई उठली. हात पुढे करून अंदाज घेत मुलींपर्यंत गेली आणि लांबडीच्या पाठीमागे उभी राहिली. तिच्या काखेखालून आपले दोन्ही हात पुढे घालून तिचे हात धरले.

"कर बघू मघाचं."

लांबडीने केलं. ताईचे हात तिच्या हातांबरोबर गेले, आणि मध्येच अडले.

"डावखुरी आहेस का गं?"

"नाही."

ताई पुढच्या मुलीच्या मागे गेली. तिथेही तेच. तिसरी आमची शंका. तिला प्रश्न विचारल्याशिवाय घोटभर पाणी उतरत नाही, म्हणून ते नाव. ताईने तिचे हात धरले, सोडले, आणि मघाशी बाईंचा आवाज जिथून आला होता तिकडे वळली.

"सगळ्यांना डाव्या हाताने का उचलायला लावलंय? बाटल्या उजवीकडून यायच्या. उजव्याने उचलायची, फिरवायची, डावीकडे द्यायची. फुटकी असली तर पायाशी टोपलीत. बावीस वर्षांत डाव्या हाताने कोणी उचलली नाही. एकीने उचलली होती, तिला मुकादमाने उठवलं."

बाई काय विचार करत होत्या ते मला दिसत होतं, कारण तोच विचार माझ्याही मनात आला. बाई मुलींना नेहमी सांगायच्या, कारखान्यातून आल्यावर जेवताना, बोलताना ताईचे हात थांबायचे नाहीत, टेबलावर नुसत्या हवेतच बाटल्या उचलत राहायचे. धाकटी समोर बसून त्याचा खेळ करायची. ताईचा उजवा, समोर बसलेल्या हिचा डावा. त्रेचाळीस वर्षं हीच चूक तिच्या हाडात मुरली होती. आणि ही तीच बाई, जी मुलींसमोर उभी राहून स्वतः मुद्दाम उलटा हात दाखवते, म्हणजे त्यांचा सुलटा पडावा. नव्या मुलीला पहिल्या दिवशी काय सांगतात? "समोरच्याचं जसंच्या तसं घेऊ नका, फसाल."

"मी तुझ्यासमोर बसायचे," बाई एवढंच म्हणाल्या.

"हो. पाय हलवत." ताई स्टुलांच्या ओळीवरून हात फिरवत पुढे गेली आणि नवव्याला येऊन थांबली. "ही कोण गैरहजर आहे?"

मी मस्टर उघडणार होतो. शंका मध्येच म्हणाली, "ती तुमची जागा आहे. रिकामी ठेवलीय. प्रतीक म्हणून."

"माझी? मी मेले का?"

लांबडीला आता हसू आवरलं नाही. मग दुसरीला आवरलं नाही. ताईही हसली, पण बाई हसल्या नाहीत.

"रिकामं स्टूल नाटकात चांगलं दिसत असेल," ताई म्हणाली. "तिकडे मात्र कधी राहायचं नाही. मी ज्या दिवशी उठले, त्याच दुपारी त्यावर दुसरी बसली होती. वीस वर्षांची पोर, टपोऱ्या डोळ्यांची. मी डबा विसरले म्हणून परत गेले तर तिने माझ्याकडेच बघून विचारलं, मावशी, काय हवंय." तिने स्टुलाची कड चाचपली. "मला त्या जागेचं दुःख नाही, बारके. रिकामी राहिली असती तर निदान मी तिथे होते असं वाटलं तरी असतं."

बाईंनी फळीवरचे दिवे बंद केले. त्या उजेडाला आम्हीच कंटाळलो होतो.

"बदलते मी," त्या म्हणाल्या.

"आठ पोरींचे हात, आठ दिवसांत?"

"बदलतील."

"बाकीच्या बायकांच्या हाताला हे लगेच कळेल, म्हणून सांगतेय. त्या हसतील, आणि मग रडतील, आणि मग मला शिव्या देतील. आमचे डोळे आणि तुमच्या टाळ्या, असं एक जण आत्ताच म्हणतेय."

"टाळ्या नकोत मला."

"मग काय हवंय तुला?"

हजार माणसांसमोर सरकारला प्रश्न विचारणारी बाई, ती वाकून एक स्टूल सरळ करायला लागली. बघ माझ्याकडे, असं बावन्नाव्या वर्षी तोंडाने म्हणता येत नाही. मी मुलींना चहाला खाली पाठवलं. शंका जाईना, तिला मी चहात साखर कमी आहे का बघून यायला सांगितलं.

"दाखव मला," बाई म्हणाल्या.

ताई नवव्या स्टुलावर बसली. बसल्याबरोबर तिची पाठ वेगळीच झाली, कोणीतरी मागून खिळा ठोकल्यासारखी. बाईंनी सवयीने दुसरं स्टूल उचललं आणि नेऊन तिच्या समोर ठेवलं.

"समोर नको. परत तेच शिकशील. शिवाय समोर बसलीस की तू नसतेसच." ताईने उजव्या हाताशेजारच्या जागेवर थाप मारली. "इथे बस."

बाई शेजारी बसल्या, खांद्याला खांदा लागेल इतक्या. दोघींची तोंडं भिंतीकडे. ताईने मान जराशी डावीकडे वळवली, म्हणजे बाईंच्या विरुद्ध बाजूला, आणि थोडी थोडी फिरवत नजरेची कड जुळवली.

"आता आहेस," ती म्हणाली. "केस पांढरे झाले का गं तुझे?"

"कधीच."

"फोनवर बोलली नाहीस ते."

"फोनवर काय सांगायचं, केस पांढरे झाले म्हणून?"

"का? मी गुडघ्याचं सांगत होते ना." मग तिचा उजवा हात बाजूला गेला. "उचल. बोटांत धर, मूठ नको वळू. फिरव. बघितलीस का? बघितल्यासारखं नको करूस, बघ. तडा असतो तळाशी. आता दे डावीकडे, माझ्याकडे. हं. पुढची."

चाळीस मिनिटं त्या दोघी भिंतीकडे तोंड करून नसलेल्या बाटल्या तपासत होत्या. मी दाराशी बसून होतो. मला उठायला हवं होतं, पण उठलो असतो तर खुर्ची वाजली असती.

जाताना ताई मला म्हणाली, "बायका येतील. पण ती नववी जागा भरा. आणि कठडा."

मी कठडा त्याच दिवशी बसवून घेतला. पुढचे आठ दिवस मुलींच्या नाकी नऊ आले. मुरलेला हात उलटा करणं म्हणजे सही बदलण्यासारखं आहे. लांबडी तर घरी चमचाही डाव्या हातात धरायला लागली होती, तो पुन्हा उजव्यात आणताना तिने दोन कप फोडले. समोर रोखलेल्या नजरा गेल्या. आता प्रत्येक मुलगी जे बघायचं त्याच्यापासून तोंड वळवून बघायची. नाच आधीइतका देखणा राहिला नाही. मी बाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो ना?" आणि खूश झाल्या. नवव्या स्टुलावर कोण बसणार, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मी मस्टर पुढे करून विचारलं, तेव्हा त्यांनी स्वतः सही केली. अकरा वर्षांपूर्वी नाचणं सोडल्यानंतरची पहिली.

प्रयोग संध्याकाळी सहाचा. अकरा बायका बोलावल्या होत्या, बारा आल्या. बारावी म्हणाली, मला कोणी सांगितलं नाही पण स्टूल मलाही ठाऊक आहे. सगळ्या पहिल्या रांगेत बसल्या, आणि पडदा उघडल्यावर बाराही जणींनी माना वळवल्या, कोणी उजवीकडे, कोणी डावीकडे, कोणी वर छताकडे. मागच्या रांगेतला एक सद्गृहस्थ बायकोला म्हणाला, "यांना पास देऊन वाया घालवले." त्याच्या पलीकडे कारखान्याचा माणूस वहीत काही लिहीत होता. लिहिणारा लिहिणाऱ्याला ओळखतो. मी त्याला मान लवून नमस्कार केला, तो गडबडला.

ताईने पुढे बसायला नकार दिला होता. तिची खुर्ची रंगमंचाच्या कडेला, विंगेत, नवव्या स्टुलाच्या रेषेत. नाच सुरू झाला आणि तिने तोंड मागच्या दोरखंडांकडे केलं. मी पडद्याच्या दोरीपाशी होतो, मला तीही दिसत होती, बाईही, आणि थोडी पहिली रांगही. बाराव्या की तेराव्या मिनिटाला पहिल्या रांगेत मांडीवरचे हात हलायला लागले. उजवा बाजूला, वर, मनगट, डावीकडे. कोणी कोणाला खूण केली नव्हती. एका बाईने फुटकी बाटली पायाशी टाकली, आणि तिच्या शेजारणीने पाय सवयीने आखडून घेतला. असं काही बघायला मिळावं म्हणून बाईंनी जन्मभर नाच बसवले, आणि त्यांनीच ते बघितलं नाही, कारण त्यांचं लक्ष सगळा वेळ विंगेकडे होतं.

टाळ्या झाल्या. किती, ते मी मोजलं नाही. बाई घामाने निथळत सरळ ताईपाशी आल्या आणि गुडघ्यांवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"दिसलं?"

"हात दिसला. खांदा दिसला. तोंड नाही गावलं." ताईने थोडी मान फिरवून पुन्हा प्रयत्न केला. "हसत होतीस का?"

"नाही."

"मला वाटलं, हसतेस."

बाईंनी हाताने कपाळावरचा घाम निपटला. मग ताई म्हणाली, "खांदा पुढे येतो तुझा. असं बसलीस तर दुपारपर्यंत पाठ धरेल. बाकी ठीक." आणि बायकांची बस सुटेल म्हणून उठली. त्या बारा जणी आणि ही, तेरा बायका एकमेकींना धरून पायऱ्या उतरल्या. प्रत्येकीला दुसरीची कडच तेवढी दिसत होती, तरी एकही ठेचकाळली नाही.

बाई विंगेतल्या खुर्चीवर बसून राहिल्या. मी दिवे मोजले, मस्टर बंद केलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, तसं मी आठवणीने सांगितलं.

"नको, तालीम ठेवा," त्या म्हणाल्या.

"कशाची? प्रयोग झाला की."

"खांद्याची."

"मुलींना किती वाजता बोलवू?"

"मुलींना नका बोलवू. ताई निघतानाच तिला दहाच्या बसने ये म्हणून सांगितलंय. गुडघा दुखतो म्हणाली." त्यांनी स्वतःचा उजवा खांदा डाव्या हाताने मागे ओढून धरला. "बघू, येते का."